घरातल्या सराउंड म्युझिक सिस्टीमसाठी स्पीकर कोणते घ्यायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं गाणी ऐकणाऱ्यांसाठी लिहिलंय. पिक्चर त्यावर बघता येतोच, पण ज्यांना हेलिकॉप्टर आणि स्फोट जास्त महत्त्वाचे आहेत त्यांना यातली निम्मी उत्तरं पटणार नाहीत, चालेल.

गाण्यासाठी सराउंड लागतं कशाला? दोन स्पीकर पुरत नाहीत का?

पुरतात की. आपल्याकडचं जवळजवळ सगळं शास्त्रीय, भावगीतं, नाट्यसंगीत, जुनी हिंदी गाणी ही मोनो नाहीतर स्टिरिओच आहेत, आणि ती दोन चांगल्या स्पीकरवर मस्त वाजतात. सराउंडची मजा येते ती मुळात मल्टिचॅनल, म्हणजे प्रत्येक स्पीकरसाठी वेगळा आवाज असलेल्या रेकॉर्डिंगला. १९९९ साली एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) आली, त्यावर पेंटाटोन, बीआयएस अशा कंपन्यांनी वेस्टर्न क्लासिकलची पाच चॅनलची ढीगभर रेकॉर्डिंग्ज काढली, मैफलीच्या ब्ल्यू-रे आहेत, आणि जून २०२१ पासून अॅपल म्युझिकवर डॉल्बी अॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज येणारं सराउंड, आलं तेव्हापासून हा विषय परत चर्चेत आला, आता नव्या हिंदी गाण्यांवरही अॅटमॉसचा शिक्का दिसतो. लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये मागच्या स्पीकरमधून फक्त हॉलची गुंज आणि टाळ्या येतात, आणि तेवढ्यानेही समोरच्या भिंतीला चिकटलेला आवाज सुटून मोकळा होतो.

तुमच्याकडे असलं काही ऐकायलाच नसेल तर पाच स्पीकरचे पैसे दोन स्पीकरवर घाला. खरंच सांगतोय.

पिक्चरसाठीचे स्पीकर आणि गाण्यासाठीचे स्पीकर यात फरक काय?

पिक्चरमध्ये डायलॉग सेंटरमधून, म्हणजे टीव्हीपाशी मधोमध ठेवलेल्या स्पीकरमधून येतो आणि मागचे स्पीकर अधूनमधून पाऊस, गाड्या, गर्दी असलं काहीतरी वाजवतात, त्यामुळे मागे लहान स्पीकर टाकले तरी कुणाला कळत नाही. गाण्यात तसं नसतं, मिक्स करणाऱ्याने मागे कोरस ठेवला असेल, गिटार ठेवली असेल, म्हणजे मागच्या स्पीकरलाही पुढच्यासारखंच पूर्ण काम आहे. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेची बीएस ७७५ नावाची शिफारस आहे, स्टुडिओवाले बरेच त्याच्यावर चालतात, त्यात पाचही स्पीकर ऐकणाऱ्यापासून सारख्या अंतरावर असतात, पुढचे दोन मधल्या रेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर.

म्हणून गाण्यासाठी नियम सोपा आहे, पाचही स्पीकर एकाच जातीचे घ्या. एकाच मॉडेलचे पाच बुकशेल्फ (स्टँडवर ठेवायचे मध्यम आकाराचे स्पीकर) मिळाले तर उत्तमच, नाहीतर निदान एकाच कंपनीच्या एकाच सिरीजमधले, ज्यात ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, तरी सगळ्यांचा सारखा असेल. पुढे भलेमोठे टॉवर आणि मागे कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीचे चिमुकले डबे अशी वाटणी केली की आवाज पुढून मागे जाताना गायकच बदलल्यासारखा वाटतो.

लहान सॅटेलाइट आणि एक मोठा सबवूफर असा तयार बॉक्सवाला सेट घेतला तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

सॅटेलाइट म्हणजे सेटमधले चिमुकले स्पीकर, त्यातला वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा कोन, तीन इंचाचा, कधी त्याहून लहान. तो खालचे सूर वाजवूच शकत नाही, मग कंपनी काय करते तर १५०, कधी २०० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे ढकलते. आता हे आपल्या गाण्यात कुठे बसतं ते बघा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झला असतो, मंद्र पंचम १०४ ला, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ ला. म्हणजे १८० हर्ट्झवर तोडलेल्या सेटमध्ये गायकाचा सा सुद्धा मुळात दाराजवळच्या कोपऱ्यातल्या सबवूफरमधून येतोय आणि त्याचे वरचे स्वरांश समोरच्या सॅटेलाइटमधून येताहेत. बुवा मंद्रात उतरले की आवाज सरकत सरकत कोपऱ्यात जातो आणि तार षड्जाला लागले की परत टीव्हीपाशी येतो. तबल्याचंही तेच, चाट समोरून आणि डग्ग्याची घुमक दाराजवळून. एकदा हे कानाला कळलं की मग विसरता येत नाही.

साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज नेमका कुठून येतोय हे माणसाला फारसं कळत नाही, म्हणून थिएटरच्या आवाजाचे दर्जे ठरवणाऱ्या टीएचएक्सवाल्यांनी क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचं सगळं सबकडे जातं तो आकडा, ८० ला धरला आणि बहुतेक रिसीव्हरमध्येही (सगळे स्पीकर जोडायचा अॅम्प्लिफायर) सुरुवात तिथूनच करतात. तर स्पीकर असे घ्या की जे खाली ८० पर्यंत दमात वाजतील. साडेपाच ते साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ हे काम आरामात करतात. माझं स्पष्ट मत, पाच सॅटेलाइटपेक्षा दोन नीट बुकशेल्फ कधीही बरे.

साउंडबार?

टीव्हीच्या बातम्या, मालिका, अधूनमधून पिक्चर यासाठी छान. या पानाच्या विषयात तो बसत नाही.

हॉल १० बाय १६ चा आहे आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे. ५.१ बसेल का?

बसेल. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. आपल्याकडच्या टू बीएचकेमध्ये हीच परिस्थिती असते, एका बाजूला बाल्कनीची सरकती काच, दुसरीकडे किचनचा पॅसेज, एका कोपऱ्यात देव्हारा, आणि सोफा मागे चिकटलेला. त्यात काय करता येतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे सोफा भिंतीपासून फूटभर पुढे ओढा, दीड फूट जमला तर अजून चांगलं. अगदी भिंतीला टेकून बसलं की बेस फुगतो, कारण खोलीतल्या खालच्या सुरांचा दाब भिंतीपाशीच सगळ्यात जास्त असतो. घरचे म्हणतील मागे कचरा साठेल, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरं, मागचे स्पीकर सोफ्याच्या मागे लावायचा हट्ट सोडा, बाजूच्या भिंतींवर कानापेक्षा किंचित मागे लावा, बसल्यावर कान जिथे येतो साधारण त्याच उंचीला किंवा थोडे वर. सात फुटांवर भिंतीला ठोकून खाली वाकवलेले स्पीकर बऱ्याच घरांत दिसतात, ती सवय थिएटर बघून लागलीय, गाण्याला ते बरं वाटत नाही. एका बाजूला भिंतच नसेल, पॅसेज असेल, तर त्या बाजूला स्टँडवर ठेवा, आणि दोन्हींचं अंतर वेगळं पडलं तरी रिसीव्हरमध्ये अंतर टाकायची सोय असते, तो जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर लावतो. आवाज एक मिलिसेकंदात फुटापेक्षा जरासाच जास्त जातो, त्यामुळे दोन फुटांचा फरक तो सहज सांभाळून घेतो.

पुढचे दोन एकमेकांपासून सहा-सात फूट आणि तुम्ही त्यांच्यापासून तेवढेच लांब, असा त्रिकोण जमवा. रुंदी दहा फूट आहे त्यामुळे सोळा फुटांच्या बाजूने आवाज सोडायचा की दहाच्या, हे दारं बघून ठरवा.

७.१ घेऊ का? आणि अॅटमॉसचे छतातले स्पीकर?

सोफ्यामागे निदान चार-पाच फूट जागा नसेल तर ७.१ चा विचारच नको, ते दोन जादा स्पीकर डोक्यालाच चिकटतील. त्यापेक्षा ५.१.२ किंवा ५.१.४ करा. यातला शेवटचा आकडा छतातल्या स्पीकरचा.

घराचं काम काढलं असेल, पीओपी होणार असेल, तर स्पीकर आत्ता घ्या अथवा नका घेऊ पण छतात आणि भिंतीत पाइप टाकून ठेवा, आत ओढायची तार सोडून. लाइटच्या वायरींच्या पाइपमधूनच स्पीकरची वायर नेऊ देऊ नका, इलेक्ट्रिशियन म्हणेल काही होत नाही, तरी वेगळा पाइप मागा. छतावर आवाज आपटवून खाली आणणारे स्पीकरही मिळतात, त्यांना सपाट आणि कडक छत लागतं, पीओपीची नक्षी, झुंबर, पंखा यांच्या गर्दीत त्यांचं काही चालत नाही.

सेंटर स्पीकर लागतोच का?

एकटे मधोमध बसून ऐकत असाल तर नसला तरी चालतं, रिसीव्हरमध्ये सेंटर नाही असं सांगितलं की तो आवाज डाव्या-उजव्यात वाटून टाकतो आणि गायक तरीही मधूनच येतो. सोफ्यावर तिघंचौघं बसत असतील तर कडेच्या माणसाला सगळं त्याच्या बाजूचंच ऐकू येतं, त्याच्यासाठी सेंटर हवा.

पण आडवा सेंटर घेताना बघा, दोन वूफर आणि मध्ये फक्त ट्वीटर असा जो साधा प्रकार असतो त्यात कडेला बसलं की गळ्याच्या पट्टीतला आवाज पोकळ होतो, दोन वूफर एकमेकांना खातात म्हणून. त्यापेक्षा थ्री-वे सेंटर, म्हणजे ज्यात मधल्या सुरांना वेगळा कोन असतो तो, किंवा टीव्हीखाली जागा असेल तर पुढच्या दोघांसारखाच एक उभा बुकशेल्फ. अडचण एवढीच की बरेच बुकशेल्फ जोडीनेच विकतात, पण ५.१ मध्ये तीन जोड्या घेतल्या की सहावा स्पेअर राहतो, काही वाया जात नाही.

किती वॅटचे घ्यायचे? दुकानदार म्हणतो हा पाच हजार वॅटचा आहे.

पीएमपीओ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) लिहिलेलं दिसलं की बॉक्स खाली ठेवा. त्या आकड्याला कुठलंच ठरलेलं मोजमाप नाही, कंपनीला वाटेल तो छापते.

स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती सहन करेल एवढंच, किती मोठा वाजेल ते नाही. मोठा किती वाजेल ते सेन्सिटिव्हिटीवरून कळतं, म्हणजे साधारण एक वॅट दिला की एक मीटरवर किती डेसिबल. केईएफचा एलएस५० २०१२ साली आला तो ८५ डीबीचा होता, क्लिप्शचे स्पीकर त्याच्या बरेच वर असतात. ३ डीबी जास्त हवे असतील तर अॅम्प्लिफायरला दुप्पट वॅट द्यावे लागतात, त्यामुळे ८५ आणि ९१ मधला फरक म्हणजे चौपट पॉवर. आता घाबरू नका. ८६ डीबीचा स्पीकर, तुम्ही नऊ-दहा फुटांवर, ५० वॅट, तरी ९३-९४ डीबीच्या पुढे जातो, हॉलमध्ये तेवढ्या आवाजात पाहुणे उठून जातील.

रिसीव्हरच्या बाबतीत मात्र बारीक अक्षर वाचा. बॉक्सवर १५० वॅट आणि खाली लिहिलेलं असतं सहा ओहम, एकच चॅनल चालू, १० टक्के डिस्टॉर्शन. खरा आकडा बघायचा तो आठ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, निदान दोन चॅनल चालू असताना. तिथे ७०-८० वॅट दिसले तरी पुष्कळ झाले.

४ ओहम, ६ ओहम, ८ ओहम?

ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते, आकडा लहान तितका अॅम्प्लिफायरवर ताण जास्त. साध्या रिसीव्हरला ६ किंवा ८ चे द्या. ४ ओहमचे स्पीकर वाईट नसतात, पण पाचही ४ ओहमचे आणि रिसीव्हर बंद कपाटात असं केलं तर मे महिन्यात तो गरम होऊन बंद पडेल.

सबवूफर किती इंची? खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात.

गाण्यासाठी सीलबंद खोक्याचा दहा इंची पुरतो. पोर्टवाला, म्हणजे खोक्याला भोक असलेला, जास्त जोरात वाजतो, सीलबंद त्यामानाने आवरता असतो, पखवाजाची थाप पडली की पडली, मागे रेंगाळत नाही. पोर्टवालेही चांगले असतात पण स्वस्तातले पोर्टवाले एकाच सुरात घुमतात, कुठलंही गाणं लावा खाली तोच धूं.

त्यात खोलीही भर घालते. रुंदी दहा फूट आणि छतही दहा फूट असेल तर दोन्हींची गुंज एकाच ठिकाणी, साधारण ५६ हर्ट्झला पडते, आणि सोळा फुटांची ३५ ला. महागडा सब आणूनही ५६ चा फुगा राहतोच, तो जागा बदलून कमी होतो. जागा शोधायची जुनी युक्ती म्हणजे सब उचलून सोफ्यावर तुमच्या जागी ठेवा, बेसवाला एखादा तुकडा लावा आणि तुम्ही भिंतीच्या कडेने रांगत फिरा, जिथे बेस एकसारखा ऐकू येईल तिथे सब ठेवा. घरातले हसतील, हसू द्या. परवडत असेल तर एका मोठ्यापेक्षा दोन लहान सब घ्या, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर, बेस सगळ्या जागांवर बराच सारखा होतो.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर बेस स्लॅबमधून जातो. सबखाली जाड रबर किंवा फोमचा पॅड घातला तर टाइल्सची थरथर कमी होते, पण हवेतून जाणारा बेस थांबत नाही, त्याला आवाज कमी करणं हाच उपाय. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे, म्हणजे भांडण सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेलं तर तुम्ही हरणार. बऱ्याच रिसीव्हरमध्ये मोठे आवाज दाबून धरणारा नाइट मोड असतो, तो वापरा.

खोलीत काही करावं लागतं का?

हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टण्ण असा धातूसारखा आवाज मागे राहिला तर आधी त्याचं बघा, स्पीकर नंतर. व्हिट्रिफाइड टाइल्स, रिकाम्या भिंती आणि काचेचं सरकतं दार, आपल्या हॉलमध्ये आवाज जिरायला काही नसतंच. सोफा आणि स्पीकरच्या मध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा, काचेवर जाड दुपदरी पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, त्याने काही होत नाही, झुरळं मात्र येतात.

दुकानात ऐकताना काय बघायचं?

दुकानदाराची सीडी नको, तो नेहमी तीच लावतो जी त्याच्या स्पीकरवर चांगली वाजते. आपलं, शंभर वेळा ऐकलेलं काहीतरी घेऊन जा. माझी शिफारस अशी की नुसता तानपुरा असलेला आलाप एक, तबला सोलो एक, आणि बाईंच्या आवाजातलं एक भावगीत. तानपुऱ्यात जवारी ऐकू आली पाहिजे, म्हणजे तो स्वरांचा मोर उघडल्यासारखा झणकार, मठ्ठ स्पीकरवर तिथे फक्त गुणगुण राहते. भावगीतात स आणि श कानाला टोचतात का बघा. दोन स्पीकरची तुलना करताना आवाज अगदी सारखा ठेवायला लावा, किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमी जास्त चांगला वाटतो आणि विकणाऱ्यांना ते बरोबर माहीत असतं.

अजून एक, एकच स्पीकर वाजवून बघा. फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडात नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि मग हार्मनमध्ये पडद्यामागे स्पीकर ठेवून लोकांना ऐकवायचे बरेच प्रयोग केले, त्यात दिसलं की मोनोमध्ये लोकांना दोष जास्त नीट कळतात, आणि डोळ्याला ब्रँड दिसत नसला की बहुतेकांना सरळ, रंग न चढवलेला स्पीकरच आवडतो. मग उठून बाजूला चालत जा, आवाज एकदम विझला तर तो स्पीकर फक्त एकाच खुर्चीसाठी आहे.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास वायर, प्लग, स्टँड, ब्रॅकेट असं सगळं मिळतं, पण तिथल्या गल्लीच्या गोंगाटात स्पीकर ऐकून निवडू नका, त्यासाठी बंद डेमो रूम असलेलं दुकान गाठा. आणि घरी आणून ऐकायला देतात का ते विचारा, काही जण डिपॉझिट घेऊन देतात.

वायर कुठली?

शुद्ध तांब्याची मल्टिस्ट्रँड, पुढच्यांना १.५ स्क्वेअर एमएम, मागे लांब जाणाऱ्यांना २.५. दहा मीटर लांबीला २.५ ची जातायेता मिळून दीड दशांश ओहमसुद्धा होत नाही, आठ ओहमच्या स्पीकरपुढे ते काहीच नाही. हजारो रुपये मीटरच्या केबलबद्दल मी बोलणार नाही. फक्त स्वस्त स्पीकर वायर ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम आहे. आणि लाल-काळं उलटं लावू नका, एक स्पीकर जरी उलटा लागला तरी बेस गायब होतो आणि गायक मधून उठून कुठेतरी हवेत जातो.

अमेरिकेतून भाऊ येतोय, त्याच्याकडून मागवू का?

नुसते स्पीकर, म्हणजे ज्यांना वीज लागत नाही ते, खुशाल मागवा, त्यांना व्होल्टेजशी देणंघेणं नाही. रिसीव्हर आणि सबवूफर मात्र तिथले १२० व्होल्टचे असतात, इथे २३० ला लावले तर धूर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो पण त्याची घरघर, आणि इथे वॉरंटी नाही. मागच्या बाजूला १०० ते २४० असं लिहिलेलं असेल तरच आणायला सांगा. वजनाचं तुम्ही आणि तुमची वहिनी बघून घ्या.

सेकंड हँड चालतील का?

स्पीकर ही जुनी घेण्यासारखी वस्तू आहे, त्यात खराब होण्यासारखं कमी असतं. वूफरच्या कडेची रिंग बघा, रबराची असेल तर उत्तम, फोमची असेल तर बोटाने हलकं दाबा, चुरा झाला की समजा गेली. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत फोम लवकर सडतो. खोक्याच्या तळाचा एमडीएफ फुगलाय का, मागे बुरशी आहे का तेही बघा. कोन दोन्ही हातांनी सारखा हळूच आत ढकला, खरखर आली तर कॉइल घासतेय. साधा पेन्सिल सेल खिशात न्या, त्याचं प्लस लाल टर्मिनलला आणि मायनस काळ्याला क्षणभर टेकवलं की वूफर बाहेर यायला पाहिजे, आत गेला तर कुणीतरी आतल्या वायरी उलट्या जोडल्यात. चोर बाजारातून घेणार असाल तर सेल नक्की न्या.

रिसीव्हरबरोबर माइक येतो, त्याने सगळं आपोआप सेट होतं ना?

बरंचसं. ऑडिसी, यामाहाचं वायपीएओ, डिरॅक लाइव्ह ही सगळी खोली मोजून अंतर, लेव्हल आणि बेस सुधारतात. माइक हातात धरू नका, सोफ्यावर कुशनवर ठेवू नका, ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला लावा आणि पंखा बंद करा. नंतर मेन्यूत जाऊन एक गोष्ट तपासा, रिसीव्हर कधीकधी पुढच्या स्पीकरना "लार्ज" (म्हणजे त्यांचा बेस सबकडे न पाठवता त्यांनाच) ठरवून मोकळा होतो, ते "स्मॉल" करून क्रॉसओव्हर ८० ला आणा.

स्टिरिओ गाणं पाचही स्पीकरवर ऐकायचं असेल तर डॉल्बी सराउंड मोड लावून बघा, त्यात सेंटर स्प्रेड नावाची सेटिंग असली तर चालू करा म्हणजे गाणं मधे गोळा होत नाही. मल्टिचॅनल स्टिरिओ हा मोड वाढदिवसाच्या पार्टीसाठी.

एकदम सगळं घेणं जमणार नाही, कुठून सुरू करू?

पाच-सात चॅनलचा रिसीव्हर आणि दोन बुकशेल्फ. स्टँडसकट, कारण टीव्ही युनिटच्या खणात कोंबलेला चांगला स्पीकरही घोगरा होतो. मग सब, मग मागची जोडी, सेंटर शेवटी. फक्त घेताना विचारून घ्या की ही सिरीज नवी आहे की बंद होतेय, दोन वर्षांनी तेच मॉडेल मिळालं नाही तर जोडी जुळवायला फार त्रास होतो. निम्म्याहून जास्त पैसे स्पीकरवर जाऊ द्यात, रिसीव्हर पाच-सहा वर्षांत नव्या एचडीएमआयसाठी बदलावासा वाटतोच, स्पीकर वीस वर्षं राहतात. कोलकात्याची सोनोडाइन यांसारख्या आपल्याकडच्या कंपन्यांचेही स्पीकर ऐकून बघा, बाहेरचं नाव दिसलं नाही म्हणून सोडू नका.

ऐकताना जाळ्या काढायच्या का?

काढल्या तर वरचे सूर थोडे मोकळे होतात. घरात रांगतं मूल असेल तर काढू नका, ट्वीटरचा घुमट बोटाने दाबून बघायचा मोह त्यांना आवरत नाही, आणि तो परत बाहेर येत नाही.